जपानी चित्रकथांतील समलिंगी प्रेम

जपानमध्ये चित्रकथेस ‘मांगा’ अशी संज्ञा आहे. पुरुषापुरुषांतील किंवा स्त्रियास्त्रियांतील प्रेम हा ह्या कथांमधील एक स्वतंत्र आणि विपुल प्रवाह असून, १९७० नंतर तो मुख्यतः मुलींसाठी निघणाऱ्या नियतकालिकांतून वाढीस लागला. ह्या प्रवाहाच्या निर्मात्या व वाचक बहुसंख्येने स्त्रियाच आहेत. ज्यांचे प्रेम ह्या कथांत रंगविले गेले, ते समलिंगी स्त्रीपुरुष दीर्घकाळपर्यंत त्यांचे लेखक म्हणून पुढे आले नाहीत आणि त्यांच्यासाठी त्या कथा लिहिल्याही जात नव्हत्या. दुसऱ्याच्या जीवनाचे रूपक करून स्वतःविषयी बोलणारी कला त्या दुसऱ्याचे काही देणे लागते काय, हा प्रश्न त्यामुळे ह्या प्रवाहाच्या मूल्यमापनात मध्यवर्ती ठरतो. गेल्या पन्नास वर्षांतील महत्त्वाच्या कलाकृती ह्या प्रश्नाच्या अनुषंगाने पाहिल्यास त्यांचे सामर्थ्य व मर्यादा ही दोन्ही स्पष्ट होतात. (पुढील विवेचनात जपानी प्रथेप्रमाणे आडनाव आधी दिले आहे.)

पूर्वपीठिका : एदो काळातील (१६०३–१८६८) नागरी संस्कृतीत प्रौढ पुरुष व कुमार यांच्यातील संबंधांस ‘नान्शोकु’ असे नाव होते. सामुराई आणि काबुकी रंगभूमीवरील तरुण नट यांच्या अशा संबंधांवर इहारा साइकाकू (१६४२–९३) ह्याने ‘नान्शोकु ओकागामी’ (१६८७) हा चाळीस कथांचा संग्रह रचला. मेइजी काळाच्या आरंभी, १८७२ मध्ये, पुरुषांमधील लैंगिक संबंध गुन्हा ठरविण्यात आले. तथापि १८८२ मध्ये अंमलात आलेल्या दंडसंहितेतून तो गुन्हा वगळला गेला. त्यानंतर ह्या विषयाकडे पाहण्याची दृष्टी पाश्चात्त्य वैद्यकातून आली व जे पूर्वी रुची म्हणून ओळखले जाई, त्याला विकृती म्हटले जाऊ लागले. कायद्याची शिक्षा नाही आणि समाजाची मान्यताही नाही, अशी ही स्थिती होती. आधुनिक जपानी साहित्यात ह्या विषयाला जे मौन व जो आडपडदा लाभला, त्याचे मूळ ह्या स्थितीत आहे.

चित्रकथांना अधिक जवळचा वारसा विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मुलींच्या साहित्याचा आहे. मुलींच्या माध्यमिक विद्यालयांत मोठ्या व धाकट्या विद्यार्थिनींत जडणाऱ्या उत्कट मैत्रीला ‘एस’ म्हणत. ‘सिस्टर’ ह्या इंग्रजी शब्दाचे ते आद्याक्षर होय. योशिया नोबुको (१८९६–१९७३) हिच्या ‘हाना मोनोगातारी’ (१९१६–२४) ह्या कथामालेने ह्या मैत्रीला तिची भाषा दिली : फुलांची नावे, पत्रे, सूचक विराम आणि अखेरीस ताटातूट. विवाहापूर्वीचा एक हळवा टप्पा म्हणूनच समाज ही मैत्री खपवून घेत असे. योशियाने स्वतः मात्र तो टप्पा संपू दिला नाही. मोन्मा चियो ह्या सहचरीबरोबर तिने आयुष्य काढले व १९५७ मध्ये कायद्याने तिला दत्तक घेतले. दोन स्त्रियांना कायद्याने एक कुटुंब होण्याचा दुसरा मार्ग उपलब्ध नव्हता. ह्या दत्तकविधानाचे प्रतिबिंब अर्धशतकानंतरच्या एका चित्रकथेत पडलेले दिसते.

दुसरा वारसा मोरी मारी (१९०३–८७) हिचा. मोरी ओगाई ह्या थोर साहित्यिकाच्या ह्या कन्येने ‘कोइबितोताची नो मोरी’ (१९६१) ह्या कथेत प्रौढ पुरुष व सुंदर तरुण यांच्या प्रेमाचे ऐश्वर्यमय, युरोपीय धाटणीचे आणि मृत्यूत संपणारे चित्र रंगविले. पुरुषांमधील प्रेम स्त्रीने स्त्रीच्या दृष्टीने कल्पिण्याची वाट येथून सुरू झाली, असे मानले जाते.

मुलींची नियतकालिके व नवी पिढी : जपानी चित्रकथांची नियतकालिके वाचकांच्या वयानुसार व लिंगानुसार विभागलेली असतात. मुलींच्या चित्रकथांना ‘शोजो’ व मुलग्यांच्या चित्रकथांना ‘शोनेन’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत मुलींच्या कथाही बव्हंशी पुरुषच रचीत आणि संपादक तर जवळजवळ सर्वच पुरुष असत. तेझुका ओसामू (१९२८–८९) ह्याची ‘रिबोन नो किशी’ (१९५३–५६) ही राजपुत्राच्या वेषात वाढलेल्या राजकन्येची कथा ह्या काळातील सर्वांत प्रभावी कृती होय. वेष बदलताच मुलीला तलवार, घोडा व निर्णयाचा अधिकार मिळतो, हे तिने वाचक मुलींना दाखविले. इकेदा रियोको (१९४७– ) हिच्या ‘बेरुसाइयु नो बारा’ (१९७२–७३) मधील ओस्कार ही सेनाधिकारी नायिका ह्याच परंपरेतील आहे.

१९७० च्या सुमारास स्त्री चित्रकथाकारांची एक पिढी पुढे आली. शोवा कालगणनेच्या चोविसाव्या वर्षी (१९४९) किंवा त्याच्या आसपास जन्मलेल्या ह्या लेखिकांना ‘चोविसाव्या वर्षाचा गट’ असे संबोधले जाते. हागिओ मोतो (१९४९– ), ताकेमिया केइको (१९५०– ) व यामागिशी र्‍योको (१९४७– ) ह्या त्यांतील प्रमुख होत. हागिओ व ताकेमिया ह्या तोक्योच्या नेरिमा विभागातील ओइझुमी येथे काही काळ एकत्र राहत. त्या घरी मासुयामा नोरिए ह्या स्नेही वाचिकेच्या पुढाकाराने युरोपीय कादंबऱ्या, संगीत व चित्रपट यांची चर्चा चाले. मुलग्यांच्या निवासी विद्यालयातील प्रेमावरील झां दलान्वाच्या १९६४ च्या फ्रेंच चित्रपटाचा परिणाम हागिओच्या लेखनावर झाला. ताकेमियाच्या १९७० मधील एका लघुकथेपासून ‘शोनेन-आय’ (कुमारांचे प्रेम) ह्या प्रकाराचा आरंभ मानण्यात येतो.

हागिओ व ताकेमिया : हागिओने ‘जूइचिगात्सु नो गिम्नाजियुम’ (१९७१) ही लघुकथा योजिताना ती मुलींच्या विद्यालयात घडवून पाहिली होती, परंतु तो आराखडा तिला समाधानकारक वाटला नाही आणि तिने मुलग्यांचे विद्यालय निवडले. ह्या निवडीत सबंध प्रकाराचे मर्म आहे. मुलगी हे पात्र काढताच तिच्यासोबत लज्जा, आज्ञाधारकता, विवाह व मातृत्व यांविषयीच्या साऱ्या अपेक्षा कथेत शिरत. मुलगा ह्या अपेक्षांपासून मुक्त होता. जर्मनीतील किंवा फ्रान्समधील मुलगा तर जपानी घरापासूनही मुक्त होता. फुजिमोतो युकारी ह्या समीक्षिकेच्या मते, स्वतःच्या शरीराविषयी वाटणारे भय व स्त्रीवर लादलेली निष्क्रियता यांपासून काही अंतरावर उभे राहून प्रेम व कामना यांकडे पाहण्याची सोय ह्या कथांनी मुलींना करून दिली.

‘तोमा नो शिन्झो’ (तोमाचे हृदय, १९७४) ही हागिओची कृती ह्या प्रकारातील सर्वांत परिणत कलाकृती होय. तोमा हा विद्यार्थी बर्फाळ दिवशी पुलावरून खाली पडून मरण पावतो आणि मागाहून त्याचे पत्र युली ह्या वरच्या वर्गातील मुलास मिळते. तोमासारखाच दिसणारा एरिख विद्यालयात दाखल होतो. वरच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने केलेल्या अत्याचारामुळे आपण प्रेमास अपात्र झालो, अशी युलीची समजूत झालेली असते. तोमाचे प्रेम हे मागणे नव्हते, तर क्षमा होती, हे उमगेपर्यंतचा युलीचा प्रवास हेच कथेचे सूत्र आहे. अखेरीस तो धर्मोपदेशकाच्या शिक्षणासाठी विद्यालय सोडतो. येथे प्रेमाचा विषय हळूहळू कृपेच्या व आत्मस्वीकाराच्या प्रश्नात विलीन होतो. हागिओची चित्रभाषा त्यास अनुरूप आहे. चौकटींच्या रेषा विरून जातात, मनोगताची वाक्ये फुग्यांबाहेर पानभर विखुरतात व एका मुखाकृतीवर दुसरी उमटते, त्यामुळे घटनेपेक्षा अंतःस्थिती वाचकासमोर राहते.

ताकेमियाची ‘काझे तो कि नो उता’ (वारा व वृक्ष यांचे गीत, १९७६–८४) अधिक धाडसी कृती आहे. तिची कल्पना १९७० मध्येच तयार होती. परंतु संपादक ती छापण्यास राजी नव्हते. दुसऱ्या एका दीर्घ कथेने लोकप्रियता मिळविल्यानंतरच ताकेमियाला ती क्रमशः प्रसिद्ध करता आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण फ्रान्समधील एका विद्यालयात शिकणारे झिल्बेर व सेर्झ यांची ही कथा आहे. सेर्झची आई रोमा जमातीची असल्याने वर्णभेदाचा विषयही तीत येतो. झिल्बेर हा काका म्हणविणाऱ्या पालकाच्या अत्याचाराला लहानपणापासून बळी पडलेला आहे. दोघे पॅरिसला पळून जातात; दारिद्र्य व व्यसन यांत झिल्बेरचा अंत होतो. ह्या कृतीने लैंगिकतेविषयी बोलण्याचा मुलींच्या चित्रकथांचा अधिकार प्रस्थापित केला, हे तिचे ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद आहे. तथापि बालकावरील अत्याचाराचे चित्र येथे वारंवार फुलापानांच्या अलंकरणात गुंडाळले जाते आणि बळीचे सौंदर्य हेच जणू त्याच्या दुःखाचे कारण ठरते. हागिओने अत्याचार दृश्य न करता त्याचा परिणाम दाखविला. ताकेमियाने परिणामाबरोबर त्याची मोहिनीही दाखविली. ह्या दुसऱ्या मार्गाचे अनुकरण पुढे अधिक झाले, ही ह्या प्रकाराची एक दुर्दैवी बाजू होय.

मुलींमधील प्रेम : मुलगा निवडताच कथेला जे स्वातंत्र्य लाभे, ते दोन मुलींची कथा लिहिताना कितपत उरे, हे पाहणे उद्बोधक आहे. यामागिशीची ‘शिरोई हेया नो फुतारी’ (पांढऱ्या खोलीतील दोघी, १९७१) ही दोन मुलींच्या प्रेमावरील पहिली महत्त्वाची चित्रकथा समजली जाते. स्थळ पुन्हा फ्रान्समधील निवासी विद्यालय हेच. रेझीन लोकापवादाला भिऊन माघार घेते, सिमोन मरण पावते व रेझीन जन्मभर एकाकी राहते. इकेदाच्या ‘क्लोदिन’ (१९७८) मध्ये स्त्रीदेहात जन्मलेल्या, पण स्वतःस पुरुष मानणाऱ्या व्यक्तीची शोकांतिका आहे. तिचा शेवट आत्महत्येत होतो. मुलग्यांच्या कथांतही मृत्यू आहे. पण तो बहुधा उदात्त आहे. मुलींच्या कथांतील मृत्यू हा बव्हंशी समाजाने दिलेला निकाल असतो. मुलगी हे पात्र वाचक मुलीच्या फार जवळचे होते आणि म्हणून त्याला पळून जाण्यास जागा नव्हती. ‘युरि’ (लिलीचे फूल) ह्या नावाने पुढे हा प्रकार रूढ झाला. तथापि त्याच्या स्वतंत्र नियतकालिकांना २००३ पर्यंत थांबावे लागले.

जपानी भूमीवर : युरोपचा पडदा दूर सारण्याचे पहिले मोठे श्रेय यामागिशीच्याच ‘हि इझुरु तोकोरो नो तेन्शी’ (१९८०–८४) ह्या ऐतिहासिक कथेला द्यावे लागेल. जपानात बौद्ध धर्माची प्रतिष्ठापना करणारा पूज्य राजपुत्र शोतोकू (५७४–६२२) येथे अलौकिक शक्ती लाभलेला, मातेच्या प्रेमास मुकलेला व सोगा नो एमिशी ह्या सरदारपुत्रावर प्रेम करणारा तरुण म्हणून उभा राहतो. एमिशी त्याचा अव्हेर करतो. ह्या नकारात समाजाच्या बंधनापेक्षा दोन भिन्न स्वभावांमधील दरी अधिक आहे. राष्ट्रपुरुषाच्या अंतरंगात ही कामना कल्पिण्याचे लेखिकेचे धैर्य असामान्य होते. ह्या कृतीस १९८३ मध्ये कोदान्शा पारितोषिक मिळाले.

पुरुष वाचकांच्या नियतकालिकांत ह्याच सुमारास वेगळा सूर आढळतो. तेझुकाच्या ‘मू’ (१९७६–७८) ह्या कथेत विषारी वायूच्या दुर्घटनेतून वाचलेला खुनी यूकि व त्याच्या मोहपाशात सापडलेला कॅथलिक धर्मगुरू गाराइ यांचा संबंध आहे. सत्तेचे पाप व लैंगिक पाप येथे एकाच सूत्रात ओवलेले आहेत. लष्करी गोपनीयतेवरील टीका म्हणून ही कृती प्रखर असली, तरी समलिंगी कामना तीत अपराधाचेच चिन्ह राहते.

हौशी पुस्तिका आणि व्यवसाय : तोक्योमध्ये डिसेंबर १९७५ मध्ये पहिला ‘कॉमिक मार्केट’ भरला. हौशी कलावंतांनी स्वतः छापलेल्या पुस्तिका (दोजिन्शी) विकण्याची ही जत्रा होती. लोकप्रिय कथांमधील पुरुष पात्रांच्या जोड्या जुळवून रचलेल्या विडंबनांना तेथे उधाण आले. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास ‘कॅप्टन त्सुबासा’ ह्या फुटबॉलवरील मालिकेची अशी विडंबने विशेष गाजली. अशा लेखनास ‘याओइ’ म्हणतात. ‘उत्कर्षबिंदू नाही, शेवट नाही, अर्थ नाही’ ह्या आशयाच्या जपानी शब्दांच्या आद्याक्षरांतून ही संज्ञा उपरोधाने तयार झाली. १९७८ मध्ये निघालेल्या व पुढे ‘जून’ ह्या नावाने प्रसिद्ध झालेल्या नियतकालिकाने सुंदर तरुणांच्या प्रेमकथांना व्यासपीठ मिळवून दिले. १९९० नंतर प्रकाशनसंस्थांनी ‘बॉइज लव्ह’ (संक्षेपाने बीएल) ह्या नावाने ह्या प्रकाराचा स्वतंत्र व्यवसाय उभारला.

व्यवसायाबरोबर साचेही आले. पुढाकार घेणारा ‘सेमे’ व स्वीकारणारा ‘उके’ ही श्रमविभागणी ठरून गेली. स्त्रीपुरुषांच्या प्रेमकथेतील जी विषमता टाळण्यासाठी मुलग्यांची निवड झाली होती, तीच दुसऱ्या वेषात परत आली. बळजबरी हे प्रेमाच्या तीव्रतेचे लक्षण समजले जाऊ लागले. आपण समलिंगी नाही, फक्त ह्या एका पुरुषावर आपले प्रेम आहे, अशा अर्थाची कबुली नायकाच्या तोंडी वारंवार येऊ लागली. प्रेमाचा एकमेवपणा ठसविण्याची ही युक्ती होती; परंतु तिने समलिंगी माणसाला त्याच्याच कथेतून बाहेर काढले.

१९९२ चा वाद : हा विरोधाभास मे १९९२ मध्ये उघड झाला. ‘श्वाझीर’ ह्या स्त्रीवादी लघुनियतकालिकात सातो मासाकि ह्या समलिंगी कार्यकर्त्याने याओइवर कठोर टीका केली. अशा कथांतील देखणे पुरुष व प्रत्यक्षातील समलिंगी पुरुष यांचा काही संबंध नाही. पुरुष ज्या नजरेने स्त्रियांकडे भोगवस्तू म्हणून पाहतात, त्याच नजरेने ह्या लेखिका व वाचक समलिंगी पुरुषांकडे पाहतात, असे त्याचे प्रतिपादन होते. हा वाद काही वर्षे चालला. ह्या कथा समलिंगी पुरुषांविषयी नाहीतच, स्त्रियांनी स्त्रियांसाठी उभारलेले ते कल्पनाविश्व आहे, असे एक उत्तर आले. काही लेखिकांनी मात्र टीकेतील सत्यांश मान्य करून आपल्या आवडीचे परीक्षण केले.

ह्या वादाला प्रत्यक्ष सामाजिक पार्श्वभूमी होती. समलिंगी व्यक्तींच्या एका संघटनेला १९९० मध्ये तोक्यो महानगराच्या युवकगृहात निवास नाकारण्यात आला होता व तिने न्यायालयात दाद मागितली होती. १९९४ मध्ये जिल्हा न्यायालयाचा व १९९७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल संघटनेच्या बाजूने लागला. पुस्तकांच्या दुकानांत पुरुषांच्या प्रेमकथांना मागणी असताना त्या पुरुषांना सार्वजनिक वसतिगृहात खोली मिळत नव्हती. सातोच्या रोषाचे वजन ह्या विसंगतीत आहे.

तथापि दोन्ही पक्षांची मांडणी अपुरी वाटते. कल्पनाविश्वाला जबाबदारी नसते, हे उत्तर टिकत नाही. कारण चित्र छापले गेले, की ते केवळ ज्यांच्यासाठी काढले त्यांचेच राहत नाही. उलटपक्षी, ह्या कथांनी समलिंगी जीवनाला काहीच दिले नाही, हेही खरे नाही. मिझोगुची आकिको ह्या अभ्यासिकेने, सुंदर मुलग्यांच्या ह्याच कथा वाचून आपण समलिंगी स्त्री म्हणून घडलो, असे नमूद केले आहे. रूपकातून आलेली वाट काही वाचकांना त्यांच्या स्वतःच्या घरापर्यंत घेऊन गेली. बीएलच्या इतिहासावरील तिच्या २०१५ च्या ग्रंथात ह्या प्रकारातील काही लेखिकांनी समलिंगी पात्रांच्या सामाजिक परिस्थितीचा विचार हळूहळू कथेत कसा आणला, ह्याचे विवेचन आहे.

स्वयंपाकघर व अंगण : ह्या परिवर्तनाचे सर्वोत्तम उदाहरण योशिनागा फुमी (१९७१– ) हिच्या लेखनात मिळते. बीएल व हौशी पुस्तिका ह्यांतूनच पुढे आलेल्या ह्या लेखिकेची ‘किनो नानि ताबेता?’ (काल काय खाल्लेस?) ही मालिका २००७ पासून प्रौढ पुरुषांच्या एका साप्ताहिकात प्रसिद्ध होऊ लागली. काकेइ शिरो हा वकील व याबुकि केन्जी हा केशकर्तनकार एका घरात राहतात. कार्यालयातून परतताना शिरो स्वस्त भाजी शोधतो, महिन्याचा अन्नखर्च २५,००० येनमध्ये बसवितो आणि रात्रीचे जेवण रांधतो. प्रत्येक प्रकरणात ही पाककृती तपशीलवार येते. मालिकेत पात्रांचे वय वाचकांबरोबर वाढत जाते.

ह्या सौम्य पृष्ठभागाखाली योशिनागाने फार कठीण गोष्टी ठेवल्या आहेत. शिरो कचेरीत आपले नाते लपवितो. त्याचे आईवडील मुलाला समजून घेण्याचा प्रयत्न करतात. नववर्षदिनी केन्जीला घरी बोलावतात. आणि त्यानंतर आईला तो ताण सोसत नाही, म्हणून त्याला पुन्हा आणू नये, असे सांगतात. येथे खलपुरुष कोणी नाही. अन्य एका प्रकरणात एक समलिंगी जोडपे शिरोकडे कायद्याचा सल्ला मागते. आपल्या पश्चात संपत्ती सोबत्यास मिळावी व आईवडिलांकडे जाऊ नये, म्हणून एकाला दुसऱ्यास दत्तक घ्यावयाचे असते. योशिया नोबुकोने १९५७ मध्ये धरलेली वाट अर्धशतकानंतरही तशीच होती, हे ह्या साध्या प्रसंगातून कळते. मृत्यूचे जुने उदात्त रूप येथे नाही. वारसपत्र, इस्पितळ व म्हातारपण यांचा हिशेब आहे. अंतःकरणाला भिडणारे दुःख रोजच्या व्यवहाराच्या भाषेत मांडण्याचे हे कौशल्य ह्या प्रवाहात नवे होते.

दुसरे उदाहरण तागामे गेंगोरो (१९६४– ) ह्याचे. समलिंगी पुरुषांसाठी निघणाऱ्या नियतकालिकांतून प्रखर शृंगारिक चित्रकथा रचणाऱ्या ह्या कलावंताने ‘ओतोतो नो ओत्तो’ (धाकट्या भावाचा नवरा, २०१४–१७) ही कथा सर्वसाधारण वाचकांच्या मासिकात लिहिली. याइचि हा घटस्फोटित पिता काना ह्या मुलीसह राहतो. त्याच्या दिवंगत जुळ्या भावाचा पती माइक हा कॅनडाहून त्यांच्या घरी येतो. पुरुष पुरुषाशी लग्न करू शकतो काय, हा कानाचा निरागस प्रश्न कथेला गती देतो. याइचिच्या मनात आलेला तुसडा विचार एका चौकटीत व तोंडून निघालेला सभ्य शब्द पुढच्या चौकटीत, अशी तागामेची रचना आहे. पूर्वग्रह हा दुष्टांचा दुर्गुण नसून सज्जनांच्या सभ्यतेआड दडलेली सवय आहे, हे तो विनाटिप्पणी दाखवितो. भाऊ हयात असताना आपण त्याच्याशी ह्या विषयावर कधी बोललोच नाही, ही याइचिची खंत कथेच्या तळाशी आहे. समलिंगी पुरुषाने रचलेली असूनही ही कथा भिन्नलिंगी पुरुषाच्या दृष्टीने सांगितली आहे; स्त्रियांनी मुलग्यांच्या नजरेतून सांगितलेल्या जुन्या कथांचीच ही उलटी बाजू म्हणता येईल. २०१८ मध्ये तिच्या इंग्रजी आवृत्तीस आइस्नर पारितोषिक मिळाले.

शिमुरा ताकाको (१९७३– ) हिच्या ‘आओई हाना’ (निळी फुले, २००४–१३) मध्ये कामाकुरा येथील विद्यार्थिनींची कथा आहे. ‘एस’ परंपरेतील विद्यालय, नाटक व पत्रे येथे पुन्हा येतात. परंतु फुमी ही नायिका आपले मुलींवर प्रेम आहे, असे मैत्रिणीला स्पष्ट सांगते व पदवीदिनानंतरही कथा थांबत नाही. कामातानि यूकि यांच्या ‘शिमानामी तासोगारे’ (२०१५–१८) मध्ये ओनोमिचि ह्या बंदराच्या गावी तासुकु हा विद्यार्थी आपले गुपित वर्गात फुटल्याच्या भीतीने आत्महत्येच्या काठावर येतो. ओसाड घरे दुरुस्त करणाऱ्या मंडळींत त्याला आश्रय मिळतो. घराची दुरुस्ती हे येथे प्रतीक आहे, तसेच ते प्रत्यक्ष कामही आहे. चांगुलपणाने केलेली विचारपूससुद्धा कशी जखम करते, ह्याचे ह्या कृतीतील चित्रण विशेष सूक्ष्म आहे.

मूल्यमापन : ह्या वाटचालीस सरळ प्रगतीचे रूप देणे सोपे, पण चुकीचे ठरेल. उत्तरकालीन कथांतील जोडपी बहुधा नीटनेटकी, कष्टाळू व शेजाऱ्यांना न खटकणारी आहेत. स्वीकार मिळविण्यासाठी आदर्श वागण्याची ही अट जुन्या कथांतील सौंदर्याच्या अटीसारखीच जाचक होऊ शकते. तोमा व झिल्बेर यांच्या कथांत जी धग, जो आध्यात्मिक प्रश्न आणि चित्रभाषेची जी नवी झेप होती, तीही भाजीच्या हिशेबात सर्वत्र टिकलेली नाही. शिवाय साचेबंद कथांचे उत्पादन थांबलेले नाही.

वाचनस्वातंत्र्याचा प्रश्नही ह्या प्रवाहाशी निगडित आहे. ओसाका प्रांतातील साकाई शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयांतून २००८ मध्ये तक्रारीनंतर बीएलची सु. ५,५०० पुस्तके कपाटांतून हलविण्यात आली; नागरिकांनी आक्षेप घेतल्यावर निर्णय मागे घ्यावा लागला. स्त्रियांनी काय कल्पावे, ह्यावरील पहारा १९७० च्या संपादकांबरोबर संपला नव्हता, हे त्यावरून दिसते. दुसरीकडे, तोक्योतील शिबुया व सेतागाया ह्या विभागांनी २०१५ मध्ये समलिंगी जोडप्यांना सहजीवनाची नोंद देण्यास आरंभ केला आणि अशा विवाहास मान्यता न देणे संविधानविरोधी असल्याचा निर्णय साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये दिला. ह्या घडामोडींचे श्रेय चित्रकथांना देणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु त्या समजून घेण्याची भाषा अनेक सामान्य वाचकांना ह्या पानांतून मिळाली असावी.

ह्या प्रवाहाने आपले ऋण फेडले काय, ह्याचे उत्तर त्यामुळे दुहेरी आहे. आरंभीच्या लेखिकांनी परक्या मुलग्यांच्या रूपाने जपानी मुलींना स्वतःच्या मनाशी बोलण्याची मोकळीक दिली. ती मोकळीक खरी होती व तिची गरजही खरी होती. तिची किंमत मात्र, न विचारता, दुसऱ्यांच्या नावावर मांडली गेली. १९९२ च्या वादाने तो जमाखर्च प्रथम समोर ठेवला. योशिनागासारख्या लेखिकांनी ही परंपरा न नाकारता तिच्या आत राहूनच तो मिटविण्यास सुरुवात केली, हे ह्या प्रवाहाच्या जिवंतपणाचे गमक होय. ज्याचे रूपक केले, त्याला अखेरीस त्याचे घर, त्याचे वय आणि त्याचे जेवणाचे ताट परत देणे, ही ह्या कथांची सर्वांत मोलाची कामगिरी आहे.